रानातला घोडा



पहाटे कोंबडा आरवला की आपले घर जागे होते. आज अशाच एका कोंबड्याची ओळख करून घेऊ. तो आपल्या मुलखातला नाही. त्याचे रान स्कॉटलंड-नॉर्वेपासून थेट रशियाच्या सैबेरियापर्यंत पसरलेल्या पाइनच्या जंगलात. त्याचे नाव कॅपरकेली. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ 'रानातला घोडा' असा सांगतात.

नाव शोभेल असाच हा पक्षी आहे. आपला गावरान कोंबडा दोन-अडीच किलोचा. हा नर चार किलोंच्या आसपास भरतो, काही तर सहाच्याही वर जातात. अंग काळपट करडे, पंख तपकिरी, छातीवर हिरवी झळाळी, खांद्याशी पांढरा ठिपका, हनुवटीखाली पिसांची दाढी आणि डोळ्यावर लालभडक कातडीची भुवई. मादी मात्र जेमतेम निम्म्या वजनाची, तपकिरी ठिपक्यांची, छातीवर तांबूस. वाळल्या पाल्यात बसली तर दोन हातांवरूनही दिसायची नाही. अंड्यांवर तीच एकटी बसते, म्हणून देवाने तिला असा साधा वेष दिला.

तिकडचा हिवाळा म्हणजे सगळीकडे बर्फ. मग हा खातो काय? पाइनच्या सुयांसारख्या पानांवर दिवस काढतो. जनावरही तोंड लावणार नाही असा हा चारा पचवायला तो बारीक खडे गिळून ठेवतो. कोंबडी कापल्यावर तिच्या पोटात खडे सापडतात ना, तसेच. शिवाय आतड्याला दोन लांब पिशव्या असतात. गाईच्या पोटात जंतू कडबा कुजवून पचवतात, तसेच काम या पिशव्यांतले जंतू करतात. हिवाळ्यात बोटांच्या कडांना शिंगासारखे दाते फुटतात, त्यामुळे पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाहीत. थंडी फारच वाढली, की तो बर्फातच बीळ करून त्यात बसतो.

खरी गंमत वसंतात. मार्च ते मे या दिवसांत भल्या पहाटे नर ठरलेल्या जागी जमतात. हा त्यांचा आखाडाच. शेपटी पंख्यासारखी पसरायची, मान ताठ करायची आणि गाणे सुरू. आधी दोन काटक्या आपटाव्यात तशी टकटक, मग ती घाईची होते, मग बाटलीचे बूच उडावे तसा आवाज आणि शेवटी विळा दगडावर घासावा तशी खरखर. या खरखरीच्या क्षणी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. जुने शिकारी हे जाणून असत. खरखर सुरू झाली की दोन-तीन पावले पुढे टाकायची आणि थांबली की जागीच खिळायचे. रशियन भाषेत याचे नावच 'ग्लुखार', म्हणजे बहिरा.

मादी झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर सात-आठ अंडी घालते. आपली कोंबडी एकवीस दिवसांत पिल्ले काढते, हिला २६ ते २८ दिवस लागतात. पिल्लांना पहिले काही आठवडे अळ्या-किडेच हवेत. जूनमध्ये थंड पाऊस लागून राहिला तर अळ्या मिळत नाहीत, पिल्ले गारठतात आणि ते साल फुकट जाते.

आता दुःखाची बाजू. रशिया आणि स्कॅन्डिनेव्हियात हा पक्षी अजून पुष्कळ आहे. पण स्कॉटलंडची जंगले तुटली, शिकार झाली आणि १७८५च्या सुमारास तिथला शेवटचा पक्षी गेला. १८३७ मध्ये लोकांनी स्वीडनमधून पक्षी आणून सोडले. ते वाढले आणि १९७०च्या दशकात वीस हजारांच्या घरात पोचले. पुढे पुन्हा घसरण लागली. २०२१-२२च्या गणतीत अंदाजे ५४२च उरले होते. कारणे बरीच: गार पावसाळी उन्हाळे, कोल्ह्या-कावळ्यांचा त्रास, रानात माणसांची वर्दळ. त्यातले एक मात्र मनाला लागते. नव्या रोपांना हरणांनी तोंड लावू नये म्हणून लोकांनी जंगलात तारेची उंच कुंपणे घातली. रान वाचवायचे म्हणून घातलेली तार, आणि जड अंगाचे हे पाखरू झाडांमधून वेगाने येऊन तिच्यावरच आपटून मरू लागले. चूक कळल्यावर काही कुंपणे काढली, काहींना लाकडी पट्ट्या आणि ठळक रंगाची जाळी बांधली, म्हणजे तार दुरून दिसावी.

हे वाचून तुम्हाला आपला माळढोक आठवला असेल. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. तोही जमिनीवरच अंडे घालतो, बहुधा एकच. त्याचाही नर गळ्याची पिशवी फुगवून माळावर मिरवतो. आणि तोही जड अंगाचा, डोळे बाजूला असलेला. समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही. एके काळी आपल्या माळांवर सहज दिसणारा हा पक्षी आता देशभरच्या मोकळ्या रानात दोनशेही उरला नसावा.

दोन्हीकडे कुणी वैर धरले नव्हते. तार ओढताना पाखराची आठवण झाली नाही, एवढेच.

आपल्या हाती विजेची तार नाही, पण बांध आहे. तितर, टिटवी उन्हाळ्यात बांधावर आणि पडीक रानात अंडी घालतात, आणि बांध पेटवायची वेळही तीच. काडी लावण्याआधी एक फेरी मारा. पाखरू पायाशीच भुर्रकन उडाले, तर समजा घरटे जवळ आहे. तेवढा तुकडा महिनाभर राहू द्या. निघालेली पिल्ले तुमच्याच पिकातल्या अळ्या वेचतील. फेरीला घरातल्या पोरांनाही सोबत न्या. घरटे सापडले तर लांबूनच बघा.