वायर उपटणारी बाई
पुण्यातल्या स्टोरेजवाल्यांत एक जुनी उतरंड आहे: वर प्रोग्रामर, खाली टेस्टर. त्यामुळे ओळखीतल्या एका टेस्टरबाईंना या आठवड्यात प्रोग्रामरची खुर्ची मिळाली, तर घरच्यांनी पेढे वाटले. जणू बाई चाळीतून बंगल्यात गेल्या. कसली बढती! बाईंना स्टोरेजचं मर्म आधीच ठाऊक होतं. डेटा लिहिला जात असताना सर्व्हरची वायर उपटायची, चालू डिस्क ओढून काढायची आणि काय वाचलं ते तपासायचं, हेच त्यांचं काम (लहान मुलाला याबद्दल धपाटा मिळतो, यांना पगार मिळायचा). असं तपासणं का लागतं ते पाहा: २०१८मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जाणकारांना उमगलं, की ‘डेटा खरोखर डिस्कवर उतरव’ असं सांगणारा एफसिंक हा आदेश लिनक्सवर एकदा फसला, तर दुसऱ्या हाकेला ‘झालं’ असं उत्तर येऊ शकतं, डेटा मात्र पोचलेलाच नसतो! भल्याभल्या प्रोग्रामरांनी त्या होकारावर विसंबून वर्षानुवर्षं काढली होती. पुढच्या वर्षी उपाय आला तोही खास टेस्टरी: एफसिंक फसला की डेटाबेस सरळ पाडायचा आणि बदलांच्या लॉगवरून पुन्हा उभा करायचा. बाईंच्या पहिल्या फंक्शनमध्ये ४० ओळी आहेत, त्यातल्या २८ ‘हे फसलं तर’च्या. “एवढं कशाला?” शेजारच्या पोराने विचारलं. बाईंनी नुसतं त्याच्या मशीनच्या प्लगकडे पाहिलं.