माल भरलाय, पण काउंटरवर कोण आहे?

आजचं उदाहरण अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं. २०१४ ची फायनल. केंटकीचे सुरुवातीचे पाचही खेळाडू पहिल्या वर्षाचे, पण टॅलेंट एवढं की चाहते सीझनआधीच ४०-० ची स्वप्नं बघत होते. समोर सातव्या मानांकनाचं कनेक्टिकट. त्यांची ताकद दोन मुरलेले गार्ड, शबाझ नेपियर आणि रायन बोटराइट. गार्ड म्हणजे बॉल पुढे आणणारा, पास कोणाला द्यायचा ते ठरवणारा. आपल्याकडचा काउंटरवरचा माणूसच म्हणा ना!

कनेक्टिकट ६०-५४ ने जिंकलं. नेपियरचे २२ पॉइंट. फ्री थ्रो तर बघाच: कनेक्टिकट १० पैकी १०, केंटकी २४ पैकी १३. अकरा हुकले, हरले सहाने. (केंटकीचे गार्ड कच्चे नव्हते हां, अ‍ॅरन हॅरिसननेच सेमीफायनल शेवटच्या क्षणी काढून दिली होती.)

चाहते टीम उंचीवर मोजतात, आपण दुकान मालावर. मीही तेच केलं. पहिल्या दुकानात सगळा पैसा मालात घातला आणि काउंटरवर कमी पगारात मिळालेला नवखा पोरगा बसवला. दिवाळीच्या गर्दीत त्याला बिलं आवरेनात, गिऱ्हाईक हातातला माल ठेवून निघून जायचं. चूक त्याची नव्हती, माझी होती. दुसऱ्या दुकानाच्या वेळी काउंटरवाल्याचा सहा महिन्यांचा पगार आधी बाजूला काढला, रॅक नंतर घेतले.