जुन्याला निरोप, मगच नव्याचे स्वागत

रविवारची दुपार. मुलाने घरच्या संगणकात नवे ऑफिस घातले आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, आता बघा कसे भराभर चालते!" बाबा निवृत्त शिक्षक. घराण्याचा कुलवृत्तान्त ते कित्येक वर्षांपासून टाइप करीत होते. त्यांनी हौसेने फाइलवर दोनदा क्लिक केले, तर वर्ड उघडण्याऐवजी एक चौकट आली : ‘रचना चालू आहे, कृपया थांबा.’ ते थांबले, फाइल उघडली. संध्याकाळी पुन्हा तीच चौकट. दुसऱ्या दिवशीही तीच.

मुलगा वैतागला. "दोन हजार दहाचे जुने ऑफिस अडथळा करतेय," असे म्हणून त्याने त्याचा फोल्डरच पुसून टाकला. आता संगणक जुन्या ऑफिसची सीडी मागू लागला! कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट करून देतो, सगळे साफ होईल." बाबांच्या पोटात गोळा आला. सगळे म्हणजे कुलवृत्तान्तसुद्धा?

थोड्याफार फरकाने हा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. चूक कुठे झाली? नवे आणण्यात नाही. जुन्याला रीतसर निरोप न देण्यात.

दोन मुनीम, दोन वह्या

संगणकात प्रोग्राम घालणे म्हणजे फोल्डरमध्ये चार फायली ठेवणे नव्हे. इन्स्टॉलर नावाचा मुनीम कोणती फाइल कुठे ठेवली, कोणत्या प्रकारची फाइल कोणी उघडायची, हे सारे वहीत लिहून ठेवतो. प्रोग्राम काढताना हीच वही वाचून एकेक वस्तू उचलली जाते.

१९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक प्रोग्रामला ओळख क्रमांक असतो. एकाच कुळातली नवी आवृत्ती त्या क्रमांकावरून जुनीला ओळखते आणि तिला बाजूला करू शकते. शिवाय एखादी फाइल हरवली, तर ही पद्धत स्वतःच दुरुस्तीला लागते. बाबांच्या संगणकाने सीडी मागितली ती यासाठीच. फोल्डर पुसला गेला, पण वहीतली नोंद तशीच राहिली.

पुढे मायक्रोसॉफ्टने ‘क्लिक टू रन’ ही निराळी पद्धत आणली. ऑफिस २०१९ पासूनच्या आवृत्त्या तर केवळ याच पद्धतीने मिळतात. मुनीम बदलला, वहीही बदलली. त्यामुळे नव्याने जुन्याला आपोआप घराबाहेर काढले असेलच, असे धरून चालू नये. मोठ्या कचेऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे जे खास साधन आहे, त्यातही जुन्या पद्धतीचे ऑफिस काढण्याची सूचना वेगळी लिहावी लागते. मग घरच्या संगणकावर ते काम कोण करणार? आपणच.

तसे न केल्यास दोन्ही वर्ड त्याच फाइलवर हक्क सांगतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हेच खरे.

निरोपाची रीत

• आधी कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ऑफिस काढल्याने आपण लिहिलेली पत्रे आणि हिशेब पुसले जात नाहीत, तरीही सावधपणा बरा. आउटलुक वापरत असाल, तर पीएसटी नावाने संपणारी टपालाची फाइलही विसरू नका.

• जुन्या ऑफिसची पंचवीस अक्षरांची किल्ली जपून ठेवा. ती बहुधा डब्यावर किंवा आतल्या कार्डावर असते. पुन्हा जुन्याकडे वळण्याची वेळ आलीच, तर तिच्याविना काम अडेल. नवे ऑफिस ज्या खात्यावर घेतले, त्याचा पासवर्डही आधीच तपासा.

• सगळे प्रोग्राम बंद करा. सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत जुन्या ऑफिसचे नाव शोधून ‘अनइन्स्टॉल’ निवडा. व्हिजिओ किंवा प्रोजेक्ट त्याच जुन्या पद्धतीने घातलेले असतील, तर त्यांचाही विचार याच वेळी करा.

• संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. मगच नवे घाला आणि लगेच दोन-चार जुन्या फायली उघडून पाहा.

जुने निघतच नसेल, तर हाताने फोल्डर पुसू नका. अर्धवट राहिलेले ऑफिस काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे मोफत साधन मिळते, ते वापरा. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो. जागा मोकळी करण्याच्या नादात काहीजण तो रिकामा करतात. पण प्रोग्राम दुरुस्त करायला आणि काढायला लागणारे सामान तिथेच असते. ते गेले, की निरोपाची वाटच बंद!

फोनची गोष्ट वेगळी

अँड्रॉइड फोनवर एखादे ॲप दुसरीकडून आणून घातले असेल आणि त्यावरची सही प्ले स्टोअरमधील ॲपच्या सहीशी जुळत नसेल, तर जुने काढल्याखेरीज नवे बसत नाही. मात्र येथे ॲप काढताना त्याने स्वतःच्या कप्प्यात ठेवलेली माहितीही जाते. म्हणून फोनवर आधी माहितीची प्रत, मगच निरोप. हा क्रम कदापि उलटू नका.

इकडे बाबांच्या घरी सूनबाईने सूत्रे हाती घेतली. "बाबा, फॉरमॅट नको. तुमच्या जुन्या मराठी फॉन्टचे काय होईल?" तिचे म्हणणे रास्त होते. कुलवृत्तान्त युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये होता. फॉन्ट गेला असता, तर फाइल वाचूनही पानावर नुसती गिचमीड अक्षरे दिसली असती. तिने कागदपत्रे आणि फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतले, मोफत साधनाने दोन्ही ऑफिस काढली आणि नवे पुन्हा घातले.

रात्री बाबांनी फाइलवर दोनदा क्लिक केले. चौकट आली नाही. पणजोबांचे पान उघडले आणि बाबांनी चष्मा सावरून पुढची ओळ लिहायला घेतली.