लहान टेरियर हा शोभेचा कुत्रा नव्हे

ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान तिरपी करून बसलेला पांढरा कुत्रा मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या तबकडीवर पाहिला. त्याचं नाव निपर. १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जन्मलेला हा मिश्र रक्ताचा टेरियर पाहुण्यांच्या पोटऱ्यांना मागून चावे घेई, आणि त्यावरूनच त्याला ते नाव पडलं. उंदरांचा पाठलाग करायचा, समोरचा कुत्रा केवढाही असो, त्याच्याशी भांडण काढायचं, हे त्याचे रोजचे उद्योग. १८८७ मध्ये मालक वारला आणि निपर मालकाचा चित्रकार भाऊ फ्रान्सिस बॅरॉड याच्याकडे राहू लागला. निपर १८९५ मध्ये मेला. त्यानंतर बॅरॉडनं आठवणीतून त्याचं चित्र काढलं. ग्रामोफोन कंपनीनं ते चित्र आणि त्याचे हक्क मिळून १०० पौंडांना विकत घेतले आणि निपर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची ओळख झाला.

आपल्या बडोद्याचं आणि तबकड्यांच्या त्या युगाचं नातं जवळचं आहे. दरबारी गायक अब्दुल करीम खाँ आणि इथल्या माने सरदारांच्या घरातल्या ताराबाई यांची मुलगी या शहराचंच नाव लावून गायिका हिराबाई बडोदेकर म्हणून गाजली. तबकडी लावताना ज्यांनी त्या कुत्र्याकडे नीट पाहिलं असेल, त्यांना टेरियरचा स्वभाव तिथेच सापडला असता. आवाज कुठून येतोय याचा छडा लागेपर्यंत हा प्राणी जागचा हलत नाही. जमिनीखाली खुडबुड ऐकू आली तरी त्याचं हेच होतं; फक्त तिथे तो पंजांनी उकरायला लागतो.

आज बडोद्यातल्या अलकापुरी, गोत्री, वासणा-भायलीकडच्या फ्लॅटमध्ये लहान कुत्रा हवा असतो, आणि जॅक रसेल टेरियर डोळ्यांत भरतो. खांद्यापाशी उंची जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. अंग बहुतेक पांढरं, तोंडावर काळे किंवा तपकिरी डाग, बदामी आकाराचे गडद डोळे, पुढे दुमडलेले कान. आकार बघून लोक ठरवतात की याला जागा कमी लागेल, खाणं कमी लागेल, त्रासही कमी होईल. यातलं तिसरं साफ चुकीचं आहे, आणि त्याची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

या रूपातली प्रत्येक गोष्ट कामासाठी घडलेली आहे. डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका दूधवाल्याकडून ट्रंप नावाची पांढरी कुत्री घेतली; तिच्या डोळ्यांवर, कानांवर आणि शेपटीच्या मुळाशी तेवढे तांबूस डाग होते. तिच्यापासून त्यांनी कोल्ह्याच्या बिळात शिरणारे कुत्रे तयार केले. रंग पांढरा, कारण धांदलीत शिकारी कुत्र्यांनी त्याला कोल्हा समजू नये. छाती अशी की दोन हातांच्या ओंजळीत मावावी. त्याहून रुंद असली तर कुत्रा बिळात अडकेल. आणि स्वभाव असा की जमिनीखाली, अंधारात, मालकाचा हुकूम ऐकू येत नसताना, दात विचकणाऱ्या जनावरासमोर त्यानं स्वतःच्या बुद्धीनं ठरवावं आणि मागे हटू नये. दोनशे वर्षं निवडून निवडून जोपासलेला हा हट्ट सातव्या मजल्यावर आणला म्हणून विरघळत नाही. सोफ्याची गादी फाटते, कुंड्या उकरल्या जातात, लिफ्टच्या आवाजावर दिवसभर भुंकणं चालतं. मग शेजारी तक्रार करतात, घरातले वैतागतात आणि कुत्रा बाल्कनीत बांधला जातो.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. ‘फ्रेझर’ या अमेरिकन मालिकेत एडी म्हणून घराघरांत लाडका झालेला मूस आणि २०११ च्या ‘द आर्टिस्ट’ या गाजलेल्या चित्रपटातला अगी, हे दोघेही जॅक रसेल. दोघांनाही पहिल्या मालकांनी आवरत नाहीत म्हणून सोडून दिलं होतं. प्रशिक्षकांच्या हाती पडल्यावर त्याच धसमुसळेपणाला रोजचं काम मिळालं आणि दोघे पडद्यावर चमकले. प्रेक्षकांना त्यांची हुशारी दिसली. त्यामागचे तासन्‌तासांचे कष्ट दिसले नाहीत.

बडोद्यात अडचणी आणखी आहेत. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि कुत्रा स्वतःला थंड करतो तो मुख्यतः धापा टाकून. जॅक रसेल दमला तरी चेंडूमागे धावणं थांबवत नाही. थांबवायचं काम माणसाचं. फिरवणं पहाटे नाहीतर रात्री, आणि डांबरावर आधी आपला तळहात टेकवून बघावा. विश्वामित्रीच्या काठी तर त्याला पट्ट्याशिवाय कधीच सोडू नये. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरींची मोठी वस्ती आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या लोकवस्तीत शिरलेल्या साऱ्या शहरानं पाहिल्या. घूस, घोरपड किंवा साप दिसला की टेरियर हाकेला ओ देत नाही. उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाळ्याआधी द्यायलाच हवी, कारण उंदीर पकडणं हे याच्या रक्तातच आहे.

म्हणून हा कुत्रा कुणीच घेऊ नये, असं अजिबात नाही. योग्य घरात टेरियर हा फार मोलाचा सोबती आहे: जागरूक, निडर, विनोदी, माणसाला घट्ट धरून राहणारा आणि बहुतेकदा बारा-पंधरा वर्षं साथ देणारा. त्याला रोज तासभर तरी खरी दौड हवी आणि डोक्याला खाद्य हवं. जुन्या चादरीच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावणं, रेती भरलेल्या पिंपात उकरू देणं, वासाचे खेळ शिकवणं, हे सगळं फ्लॅटमध्येही जमतं. ज्या घरात सगळे सकाळी नऊला बाहेर पडतात आणि रात्री आठला परततात, त्या घरानं मात्र जॅक रसेल घेऊ नये. ससा, पोपट किंवा मांजर आधीपासून असेल, तर दहादा विचार करावा. नुसतं प्रेम करायला आणि करून घ्यायला कुत्रा हवा असेल, तर या उन्हाला सरावलेलं देशी पिल्लू दत्तक घ्यावं; त्याला ना परदेशी दाखला लागतो ना वातानुकूलित खोली.

विकणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलचे केंद्राचे २०१७ चे नियम आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू देत नाहीत आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक करतात. तरीही मोबाइलवर फोटो पाहून, आई-बाप न बघता पिल्लं खरेदी होतात. घेणाऱ्यानं नोंदणीचा कागद मागावा आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष बघावी. पांढऱ्या अंगाच्या पिल्लांत बहिरेपणा आढळतो, शिवाय या जातीत डोळ्यातलं भिंग सरकण्याचा आनुवंशिक आजार आहे; दोन्हींच्या तपासणीबद्दल विचारावं. विक्रेता यावर गप्प बसला, तर तिथून पिल्लू घेऊ नये.