चौथ्या वर्षाचा गाईड कोण ठरवणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. खाजगीकरण झाले, शिष्यवृत्ती झाली, भाषेचा वाद झाला. निवेदने दिली गेली, धरणे धरली गेली. मात्र या धोरणाने पदवीला जे चौथे वर्ष जोडले त्यातल्या एका अटीकडे आपल्या विद्यार्थी संघटनांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ साली पहिल्या वर्षाला बसलेली मुले २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या दारात उभी राहतील. दार कोणासाठी उघडणार आणि कोणासाठी नाही, हे आताच समजून घेतले पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची चौकट जाहीर केली. तिच्यात चौथ्या वर्षाचे दोन रस्ते आहेत. एक साधा ऑनर्स, दुसरा संशोधनासह ऑनर्स. संशोधनाच्या रस्त्याने जाणाऱ्याला एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली बारा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. साध्या रस्त्याने जाणाऱ्याने त्याऐवजी तीन जादा विषय घ्यायचे. संशोधनासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त गाईड असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत.

आता गंमत बघा. आयोगाच्याच २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला जाण्यासाठी ७५ टक्क्यांची अट आहे, पण तिथे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय आदींना पाच टक्क्यांची सवलत लिहून दिली आहे. पदवीच्या चौकटीतल्या ७५ टक्क्यांच्या वाक्यात सवलतीचा शब्द नाही. म्हणजे पुढच्या दारावर सत्तर चालतील, पण त्या दाराकडे नेणाऱ्या जिन्यावर पंचाहत्तरच पाहिजेत! हा विसर आहे की हिशेब, ते ज्याचे त्याने ठरवावे. आपण मात्र राज्य शासनाला आणि विद्यापीठांच्या विद्या परिषदांना लेखी विचारले पाहिजे.

दुसरी अट त्याहून जड आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात गणित विभाग म्हणजे काय असतो? अनेक ठिकाणी एक कायम प्राध्यापक, तोही निवृत्तीला आलेला, आणि बाकी तासिका तत्त्वावर राबणारी पोरे. त्यांतील कित्येक नेट-सेट झालेली, काही पीएच.डी. झालेली. ज्ञान आहे, पण कायम ऑर्डर नाही म्हणून कागदावर ते मोजले जात नाहीत. सरकारने वर्षानुवर्षे जागा भरायच्या नाहीत, आणि मग जागा भरलेल्या नाहीत म्हणून त्या महाविद्यालयाला संशोधनाचा वर्ग नाही असे म्हणायचे! नुकसान कोणाचे? शहरातल्या नामांकित महाविद्यालयात ज्याची खोली घेण्याची ऐपत नाही त्याचे.

मी गणिताचेच उदाहरण मुद्दाम घेतो. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, यंत्रे लागतात. गणिताला कागद, पेन्सिल, ग्रंथालय, एखादा संगणक आणि आठवड्यातून एक तास देणारा माणूस लागतो. गरिबाच्या मुलाला परवडेल असे संशोधन कुठले असेल तर ते हे.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर घ्या. चार आकडी संख्या घ्यायची, सगळे आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, वजा करायचे. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केले की ८३५२, आणि पुन्हा केले की ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. तीन आकडी संख्येत ४९५ येते. पाच आकडी संख्येत मात्र एका जागी थांबत नाही, चक्रात फिरते. का? आणि दहाऐवजी दुसऱ्या पायाच्या संख्यापद्धतीत काय होते? शेवटच्या वर्षाच्या मुलाचा प्रकल्प इथूनच सुरू होऊ शकतो. बी.एस्सी.पुढे पदवी नसलेल्या कापरेकरांना इथल्या विद्वानांनी फारसे मोजले नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी लिहिले तेव्हा जगाला ते कळले. ही गत त्यांची, तर वस्तीतून आलेल्या मुलीचे काय?

म्हणून खरा प्रश्न गाईडचा आहे. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. प्रकल्पात आडनाव पहिल्या दिवशीच कळते. विषय द्यायचा की नाही, भेटायला वेळ द्यायचा की नाही, तोंडी परीक्षेत किती गुण द्यायचे, सगळे एका माणसाच्या मर्जीवर. ‘तुला झेपणार नाही, तीन विषय घे आणि मोकळा हो,’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी वेगवेगळ्या रूपांत ऐकले आहे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीच्या २००७ च्या अहवालात हेच आहे. शिक्षक वेळ देत नाहीत, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत वागणूक वेगळी मिळते, अशा तक्रारी दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी तिथे नोंदवल्या होत्या.

गाईड कसा असावा, हे बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना या विद्यार्थ्याबद्दल पत्र लिहिले. लंडनचे प्रा. एडविन कॅनन यांना बाबासाहेबांचे रुपयाविषयीचे काही निष्कर्ष मान्य नव्हते. तरी १९२३ च्या ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला त्यांनी प्रस्तावना दिली आणि आपला मतभेद त्या प्रस्तावनेतच मांडला. मतभेद असलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा प्राध्यापक आपल्या मुलांना कुठे भेटतो?

सगळेच प्राध्यापक वाईट नाहीत. कित्येकजण स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढून देतात. पण व्यवस्था चांगुलपणावर सोडता येत नाही. प्रत्येक विभागाने गाईडची यादी, प्रत्येकाकडच्या जागा आणि विषय सहाव्या सत्राआधी फलकावर लावावेत. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक असावा. आणि जिथे दोन गाईड नाहीत तिथल्या मुलाला शेजारच्या महाविद्यालयातला किंवा विद्यापीठातला गाईड मिळण्याची सोय असावी. गणितात हे अवघड नाही, महिन्यातून दोनदा एस.टी.ने जाऊन येता येते.

विद्यार्थ्यांनीही हात बांधून बसू नये. पाचव्या सत्रातच आवडलेल्या विषयाचे एक प्रकरण नीट वाचा, न समजलेले दोन प्रश्न लिहून काढा आणि ते घेऊनच सरांकडे किंवा मॅडमकडे जा. ‘सर, मला प्रोजेक्ट द्या’ म्हणण्यापेक्षा ‘मॅडम, ही पायरी का चालते?’ असे विचारणाऱ्याला टाळणे कठीण जाते. १९९३ पासून चालणाऱ्या एम.टी.टी.एस. या उन्हाळी गणित शिबिराची माहिती विभागात विचारा, ती फलकावर लागली नसेल तर का नाही तेही विचारा. गाईड मिळाला की दर भेटीची तारीख आणि काय ठरले ते वहीत लिहून त्यांची सही घ्या. आणि प्रकल्पासाठीचा अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती काढा, एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी ठेवा.