तंत्रज्ञाचे काम हलके नव्हे

दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा असे मुलीने वा मुलाने म्हटले, की पालकांचा चेहरा उतरतो. ‘एवढे शिकवले ते पक्कड धरायला का?’ असे ते विचारतात. हा प्रश्न आम्ही धुडकावीत नाही. जन्माने लादलेले कष्ट ज्यांनी पिढ्यानपिढ्या उपसले, त्यांना हातकामाची धास्ती वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु इतिहासाला दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याचा विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणखात्याचे दार बंद होते. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय ठामपणे मांडला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर खात्याचे सदस्य असताना तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्याच खात्याकडे होती. आपणांस कष्ट मुबलक मिळाले. नाकारले गेले ते कौशल्य.

इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाचे काम बुद्धीचेही आहे. बंद पडलेल्या ईसीजी यंत्राचा वीजपुरवठा तो प्रथम तपासतो, मग सर्किटचा आराखडा पुढे ठेवून टप्प्याटप्प्याने व्होल्टेज मोजतो. अपेक्षित आकडा जेथे मिळत नाही, तेथे दोषाचा माग लागतो. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरू शकतो, हे ठाऊक नसेल तर जिवावर बेतते. येथे ऐकीव गोष्टीला थारा नाही. मल्टिमीटरवरील आकडा मोजणाऱ्याची जात पाहून बदलत नाही.

तरीही पालकांची एक भीती खरी आहे. अनेक ठिकाणी तरुणांना कंत्राटावर ठेवून केवळ बोर्ड बदलण्याचे काम देतात. कारण शोधायला कोणी शिकवीत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की ट्रेड अवश्य घ्यावा, पण तेथेच थांबू नये. शिकाऊ उमेदवारी पूर्ण करावी, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग धरावा, तेथून पदवीकडे जावे. त्यासाठी गणित आणि इंग्रजी यांची तयारी आठवीपासूनच हवी, आणि ती करून घेणे ही आम्हां शिक्षकांची जबाबदारी आहे.

रुग्णालयांत, कारखान्यांत, रेल्वेच्या सिग्नल विभागात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. सत्कारासाठी येता, तसे एखाद्या रविवारी नादुरुस्त रेडिओ आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन वसतिगृहात या. तो रेडिओ उघडण्याची पहिली संधी नववीतल्या मुलींना द्या.