पायाशीच होता मासा

आमच्या घराण्यात मासे खाणारे पुष्कळ झाले. मासे धरणारा मात्र एकही झाला नाही. ही उणीव भरून काढण्याचे मी निवृत्तीनंतर मनावर घेतले, तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "का? बाजार बंद झालाय?"

गेल्या दिवाळीत भाऊबीजेसाठी आम्ही तिच्या माहेरी, विजयदुर्गला गेलो. बरोबर बारा वर्षांचा नातू आणि माझ्याहून लांब अशी एक नवी कोरी काठी होती. काठीला चाक, चाकावर शंभर वाव तंगूस, आणि टोकाला शिशाचा गोळा. दुकानदाराने शपथेवर सांगितले होते, की हा गोळा क्षितिजापर्यंत जातो.

विजयदुर्गची जागा मोठी नामी. वाघोटन खाडी इथे समुद्राला मिळते, आणि तिच्या तोंडावर तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी तो १६५३ मध्ये घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. १७५६ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात पाण्याखाली दगडी भिंत आहे. शत्रूची गलबते नकळत तिच्यावर येऊन आपटत, असे गावात सांगतात. "इथे पाण्याखाली काय आहे हे ज्याला ठाऊक, त्याची सरशी," असे मेहुण्यांनी रात्री जेवताना सांगितले. मी ते इतिहास म्हणून ऐकले. ती सूचना होती, हे दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी, तृतीयेला, उजाडताच नातवाला घेऊन मी खाडीच्या तोंडाजवळच्या पुळणीवर हजर झालो. बेसावध नव्हतो बरे! मोबाइलात ओहोटीची वेळ पाहून ठेवली होती: नऊ वाजेपर्यंत पाणी उतरणार. मी काठी फिरवली आणि गोळा लाटांच्या पलीकडे झुगारला. काही लागले नाही. पुन्हा झुगारला, आणखी लांब. तरी काही नाही.

थोड्या अंतरावर एक वृद्ध गृहस्थ वाळूत बसले होते. त्यांच्यापाशी काठी नव्हती, चाक नव्हते. एका रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळलेला, आणि डब्यात चार कोळंब्या. ते मासे धरत नव्हते. नुसते पाणी बघत होते. शेवटी त्यांना राहवले नाही.

"अवो बाबानू, मासो तुमच्या पायाकडे येतलो, आणि तुमी शिसा आफ्रिकेक धाडतास!"

नातू खदखदून हसला. मीही हसलो, पण मनातून नाही.

पाणी हटत गेले तशी समोर वाळूची एक लांब पट्टी उघडी पडली. तिच्या नि किनाऱ्याच्या मध्ये जेमतेम गुडघाभर पाण्याचा एक चर होता. पट्टीवर उभे राहिले तर गोळा आणखी पन्नास पावले पुढे जाईल, हा हिशेब मी चटकन केला. आम्ही चर ओलांडून पट्टीवर गेलो. समोर लाटा, वर गार वारा, हातात काठी. मागे वळून बघायला सवड कुणाला होती?

साडेनऊच्या सुमारास नातू म्हणाला, "आजोबा, आपण आलो तिकडे पाणी वाढलंय."

वळून पाहिले. मघाचा चर रुंद झाला होता आणि त्यातले पाणी खाडीच्या दिशेने ओढत चालले होते. मी पोराचा हात धरून सरळ आत उतरलो. दहा पावलांत पाणी माझ्या कमरेला आणि त्याच्या छातीला लागले. मागून लाट आली, तिने त्याचे पाय उचलले. माझ्या एका हातात त्याचे मनगट होते, दुसऱ्यात काठी. वाचकहो, सांगायला लाज वाटते. ती काठी सोडायला मला क्षणभर वेळ लागला.

किनाऱ्यावरून आबा ओरडत होते, "थयसून नको! खाडी वडून नेतली! हयसून येवा, हयसून!" त्यांचा हात खाडीपासून दूर, दक्षिणेकडे होता. आम्ही दोघे मागे पट्टीवर चढलो, ती उतरत जाते तिथपर्यंत धावलो आणि ते दाखवत होते तिथून आलो. तिथे पाणी मांडीच्या वर गेले नाही.

वाळूत बसून धाप शमल्यावर आबांनी मला हिशेब सांगितला. तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे. येईल त्या तासाला पूर्ण भरती. तृतीयेला सव्वादोन. त्याच्या आधी सहा-सव्वासहा तास, म्हणजे आठला ओहोटी संपली. शिवाय अमावास्येनंतरचे हे दिवस उधाणाचे. मग माझा मोबाइल खोटा? छे! तो खरेच सांगत होता, पण मुंबईचे. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. विजयदुर्गला पाणी मुंबईच्या आधी वळते.

"आता बघा," म्हणून ते उठले. ज्या चराने आम्हांला गिळले असते, त्याच चरात त्यांनी दहा पावलांवर गरी टाकली. लाटा वाळू उकरतात, तिच्यातले किडे नि बारीक कुर्ल्या मोकळ्या होतात. खाडीच्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्ले येतात. आणि भरती लागली की मासे या चराच्या वाटेने किनाऱ्याला लागून चरत येतात. हे सांगून होते न होते तोच तंगूस ताणला आणि वाळूवर एक चंदेरी मुडदुशी उड्या मारू लागली. दुसऱ्या खेपेला त्यांनी तंगूस नातवाच्या हाती दिला. त्याने पहिला मासा धरला, तेव्हा त्याचे ओठ अजून थंडीने निळे होते. बोटाएवढा एक मासा आबांनी परत सोडला. "खाडीत जाऊन मोठो होऊन येऊ दे," म्हणाले.

सहा मुडदुश्या घेऊन आम्ही घरी परतलो. झालेला प्रकार सांगायचा नाही, असे वाटेत ठरले होते. नातवाने तो उंबरठ्यावरच सांगून टाकला. सौ. काही बोलली नाही. तिने मासे साफ केले, रव्यात घोळवून तळले आणि आधी एका पानात दोन वाढून ते आबांकडे पाठवले. मग नातवाला वाढले. मला सर्वांत शेवटी, आणि तेही एकच.

यंदाही भाऊबीजेला विजयदुर्गला निघालो आहोत. नवी काठी घेतलेली नाही. पिशवीत पंचांग मात्र टाकले आहे.